इंग्लंडचे यादवी युद्ध (1642–46): काउंट्यांनी फौजा उभ्या केल्या, पण त्यांचा पगार कोणी दिला?

शोधयात्री:

सर्वांना नमस्कार. सतराव्या शतकातील इंग्लंडच्या यादवी युद्धाविषयी सध्या वाचत आहे. एजहिल, मार्स्टन मूर, नेझबी या लढायांची वर्णने भरपूर मिळतात, घोडदळ कोणत्या बगलेवर होते याचे नकाशेही मिळतात. पण माझी अडचण त्याच्या आधीच्या टप्प्यावरची आहे. 1642 चा उन्हाळा सुरू झाला तेव्हा पहिल्या चार्ल्सकडे खडी फौज नव्हती आणि पार्लमेंटकडेही नव्हती. असे असताना 23 ऑक्टोबर 1642 रोजी एजहिलला दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दहा हजारांहून अधिक माणसे समोरासमोर उभी राहतात. ही माणसे कोणाच्या हुकमाने जमली, त्यांच्या हातात शस्त्रे कोणी दिली, आणि मुख्य म्हणजे त्यांना रोजचा पगार कोण देत होते?

दुसरी गोष्ट अशी की, स्थानिक पथके आपल्या काउंटीबाहेर (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) जायला नकार देतात असे उल्लेख वारंवार येतात. कॉर्नवॉलची पथके हद्दीवरची टेमर नदी ओलांडायला तयार नव्हती. लंडनची पथके मोहिमेवर असताना ‘घरी चला, घरी चला’ असे ओरडू लागली. हा निव्वळ भेकडपणा असेल असे मला वाटत नाही, कारण हीच माणसे आपल्या मुलखात चांगली लढली होती. यामागे पैशाचे काही कारण होते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

जुनीवही:

अधिकाराचा मुद्दा आधी घेतो, कारण पैशाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

काउंटीच्या नागरी पथकांना ‘ट्रेन्ड बँड्स’ म्हणत. त्यांची शस्त्रे सरकारी कोठारातून येत नसत. ज्याची जेवढी जमीन किंवा मालमत्ता, त्या मानाने त्याने एक भाला, एक मस्केट किंवा एक सज्ज घोडेस्वार पुरवावा अशी पद्धत होती. वर्षातून काही दिवस कवायत व्हायची, काउंटीचा लॉर्ड लेफ्टनंट (या पथकांचा प्रमुख) गणती घ्यायचा आणि सगळे घरी जायचे. या पथकांवर कोणाचा हुकूम चालणार, हाच 1642 च्या वसंतातला खरा झगडा होता. मार्च महिन्यात पार्लमेंटने राजाच्या संमतीवाचून मिलिशिया ऑर्डिनन्स (या पथकांविषयीचा हुकूमनामा) काढून आपले लॉर्ड लेफ्टनंट नेमले. राजाने त्याला उत्तर म्हणून ‘कमिशन ऑफ ॲरे’ नावाची चौथ्या हेन्रीच्या काळातली जुनी सनद उकरून काढली आणि आपल्या विश्वासातल्या सरदारांना काउंटीवार पाठवली. ही सनद लॅटिनमध्ये होती. ज्याला ती वाचता येत नाही त्या शेतकऱ्याला ‘यात तुझी जमीन काढून घेण्याचे लिहिले आहे’ असे सांगणे विरोधकांना फारच सोपे गेले, आणि काही ठिकाणी त्यांनी ते सांगितलेही.

आता त्या काउंटीतल्या एखाद्या जमीनदाराचा विचार करा. त्याच्या हातात एकाच महिन्यात दोन हुकूम पडतात, दोन्ही ‘राजा आणि पार्लमेंट यांच्या रक्षणासाठी’ माणसे गोळा करा असे सांगतात, आणि एक पाळला की दुसऱ्याच्या लेखी तो गुन्हेगार ठरतो. अशा वेळी अनेकांनी दोन्ही बाजूंना टाळण्याचा प्रयत्न केला. यॉर्कशरमध्ये सप्टेंबर 1642 मध्ये आणि चेशरमध्ये त्याच डिसेंबरात दोन्ही पक्षांच्या स्थानिक पुढाऱ्यांनी आपापसांत तटस्थतेचे करार केले. चेशरचा बनबरीचा करार तर बराच गाजला. वरिष्ठांनी हे करार चालू दिले नाहीत, हा भाग वेगळा.

कॉर्नवॉलविषयी: ट्रेन्ड बँड्सचे काम आपल्या काउंटीचे रक्षण करणे हेच होते, आणि परकी स्वारी वगळता त्यांना हद्दीबाहेर नेता येत नाही ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली होती. त्यामुळे टेमरच्या काठावर थांबलेला माणूस आपल्या दृष्टीने कायदा पाळत होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, परदेशी मोहिमेसाठी माणसे पाठवताना त्यांचा अंगरखा आणि वाटखर्च काउंटीने करायचा (याला ‘कोट अँड कंडक्ट मनी’ म्हणत) आणि ठरलेल्या ठिकाणी पोहोचल्यावर त्यांचा पगार राजाने सुरू करायचा, अशी जुनी रीत होती. म्हणजे हद्द ओलांडली की खर्च कोणाचा, हे ठरलेले होते. 1642 मध्ये हद्दीपलीकडे पगार सुरू करणारा कोणीच उरला नव्हता. राजाच्या बाजूचा सेनानी राल्फ हॉप्टन याने शेवटी ट्रेन्ड बँड्सचा नाद सोडला आणि ग्रेनव्हिल, स्लॅनिंग अशा स्थानिक सरदारांच्या हाताखाली स्वयंसेवकांच्या नव्या पलटणी उभ्या केल्या. पुढे टेमर ओलांडून पश्चिम इंग्लंड जिंकत गेले ते हेच कॉर्निश पायदळ.

राजानेही दुसरीकडे वेगळ्या रीतीने हेच केले. मिडलँड्समधून जाताना त्याने काही काउंट्यांच्या ट्रेन्ड बँड्सना हजेरीला बोलावले, त्यांची शस्त्रे काढून घेतली आणि आपल्या स्वयंसेवकांना दिली. माणसे नकोत, भाले आणि बंदुका द्या, असा हा सरळ हिशेब होता. मोठे शस्त्रागार असलेल्या हल शहराचे दार एप्रिलमध्ये पार्लमेंटच्या बाजूच्या सर जॉन हॉथमने राजाच्या तोंडावर बंद केले होते, हे लक्षात घेतले तर त्याची निकड कळते.

लंडनचे प्रकरण थोडे निराळे आहे. तिथली पथके देशात सर्वांत चांगली शिकवलेली होती, 1642 मध्ये त्यांची संख्या वाढवून सुमारे 8,000 करण्यात आली होती. 13 नोव्हेंबर 1642 रोजी टर्नहॅम ग्रीनला राजाची वाट अडवताना ती ठाम उभी राहिली. शहरातून गाड्या भरभरून जेवण त्यांच्यापर्यंत पोहोचत होते. पण वर्षभराने बेझिंग हाउस या राजपक्षाच्या गढीच्या वेढ्यात, नोव्हेंबरच्या थंडीपावसात, तीच शहरी माणसे घरी जायचे म्हणू लागली. दुकान बंद, शिकाऊ कारागीर पलटणीत, आणि घरी बायको एकटी सगळे सांभाळते आहे. पुढच्या वर्षी पुन्हा तोच अनुभव आल्यावर त्यांचा सेनापती विल्यम वॉलर याने पार्लमेंटला कळवले की, पूर्णपणे तुमची स्वतःची आणि तुमच्याच हुकमात चालणारी फौज असल्याशिवाय हे काम तडीस जाणार नाही.

तळटीप:

जुनीवही यांनी हद्दीचा मुद्दा नेमका मांडला आहे. मी खर्चाचा साधा हिशेब मांडतो, कारण आकडे पाहिले की बरेच काही उलगडते.

पायदळातल्या शिपायाचा पगार दिवसाला 8 पेन्स होता (12 पेन्सचा एक शिलिंग, 20 शिलिंगांचा एक पौंड). हा जवळपास शेतमजुराचाच रोज, म्हणजे कोणी श्रीमंत होण्यासाठी भरती होत नव्हते. घोडेस्वाराला न्यू मॉडेल आर्मीत (पार्लमेंटने 1645 मध्ये उभारलेल्या फौजेत) दिवसाला 2 शिलिंग, म्हणजे तिप्पट. पण घोड्याचा दाणावैरण त्यानेच त्यातून भागवायचा. कागदावर पूर्ण भरलेली 1,200 माणसांची एक पायदळ पलटण धरा. रोज 9,600 पेन्स, म्हणजे 40 पौंड. 28 दिवसांचा महिना धरला तर 1,120 पौंड, आणि अशा 13 महिन्यांचे वर्ष धरले तर 14,560 पौंड. यात अधिकाऱ्यांचे पगार, बंदुकीची दारू, शिसे, तोड्याचे दोर, बूट, गाड्या यांतले काहीच धरलेले नाही.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. ज्या ‘शिप मनी’ नावाच्या करावरून 1630 च्या दशकात देशभर एवढा गहजब झाला, जॉन हॅम्डेनने आपले 20 शिलिंग नाकारून खटला लढवला, त्या करापोटी एसेक्स या सधन काउंटीवर वर्षाला 8,000 पौंड बसवले होते. म्हणजे ज्या रकमेला लोकांनी जुलूम म्हटले तिच्यात एक पायदळ पलटण धड सात-आठ महिनेही पोसली जात नव्हती. युद्धाला उभ्या राहिलेल्या कोणत्याही काउंटीसमोर हे वास्तव पहिल्या हिवाळ्यातच येऊन ठाकले.

सुरुवात देणग्यांनी झाली. जून 1642 मध्ये पार्लमेंटने ‘प्रपोझिशन्स’ काढले: रोख रक्कम, चांदीची भांडी, घोडे, शस्त्रे जे शक्य असेल ते आणून द्या, ‘पब्लिक फेथ’वर म्हणजे राष्ट्राच्या शब्दावर 8 टक्के व्याज मिळेल. लंडनच्या गिल्डहॉलमध्ये लोकांनी रांगा लावल्या. गरीब बायकांनी अंगठीसारखे शिवणकामाचे टोपण आणि केसांतल्या पिनाही दिल्या, आणि विरोधकांनी त्यावरून या फौजेची भरपूर टवाळी केली. पण देणगीचा दोष असा की उत्साही माणूस एकदाच देतो आणि काठावरचा माणूस कधीच देत नाही. नोव्हेंबर 1642 च्या अखेरीस पार्लमेंटने न देणाऱ्यांवर मालमत्तेच्या विसाव्या हिश्श्यापर्यंत आकारणी करण्याचा ठराव केला, आणि देणगी हा शब्द तिथेच संपला.

पुढचे पाऊल निर्णायक होते. 24 फेब्रुवारी 1643 च्या ऑर्डिनन्सने साप्ताहिक आकारणी सुरू झाली. लंडनवर आठवड्याला 10,000 पौंड, सफकवर 1,250 पौंड, नॉरफोकवर तेवढेच. प्रत्येक काउंटीची एकूण रक्कम वरून ठरवायची, ती गावोगाव कशी वाटायची हे काउंटीच्या समितीने ठरवायचे, आणि वसुली गावच्या कॉन्स्टेबलने करायची. ही पद्धत कोणाची? थेट शिप मनीची! ज्या यंत्रणेविरुद्ध ही मंडळी उठली तीच त्यांनी उचलली, फक्त सफककडून राजा वर्षाला 8,000 मागत होता तेवढे आता साडेसहा आठवड्यांच्या आत निघू लागले. हॅम्डेनने आपली हिरव्या अंगरख्यांची पलटण उभी केली होती. जून 1643 मध्ये चालग्रोव्हच्या चकमकीत तो जखमी होऊन वारला. या करावर त्याचे मत काय पडले असते, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

मार्च 1643 मध्ये शत्रुपक्षाच्या जमिनींची जप्ती सुरू झाली. कुटुंबाच्या पोटापाण्यासाठी पुढे पाचवा हिस्सा ठेवण्याची तरतूद झाली. जुलैमध्ये पार्लमेंटमधला पुढारी जॉन पिम याच्या पुढाकाराने अबकारी कर आला, बिअर, वाइन, तंबाखू यांपासून सुरुवात करून नंतर मांस आणि मीठ यांपर्यंत पोहोचला. इंग्लंडमध्ये हा कर नवा होता आणि लोकांना तो बाकी सगळ्यांपेक्षा अधिक झोंबला, कारण आकारणी जमीन पाहून होत असे, पण मांस-मीठ तर सगळेच खातात.

शोधयात्री:

दोघांचे आभार. हिशेब वाचून डोळे उघडले. एक उपप्रश्न: ईस्टर्न असोसिएशनचे (पार्लमेंटच्या बाजूच्या पूर्वेकडील काउंट्यांच्या संघाचे) उदाहरण सर्वत्र यशस्वी म्हणून दिले जाते. तिथे नेमके वेगळे काय झाले? की तो भाग श्रीमंत आणि लढाईपासून दूर होता एवढेच त्याचे कारण? आणि राजाच्या बाजूला अशी आकारणी नव्हतीच का?

उंबरठा:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण या धाग्यावर नकळत असे चित्र तयार होते आहे की पार्लमेंटकडे कर होते आणि राजाकडे सरदारांच्या तिजोऱ्या. हे अर्धेच खरे आहे.

सुरुवातीला राजाची मदार देणग्यांवर होती हे कबूल. वूस्टरच्या सरदाराने अफाट पैसा ओतला, न्यूकॅसलच्या सरदाराने उत्तरेत स्वतःच्या जोरावर फौज उभारली. ऑक्सफर्डच्या कॉलेजांची चांदीची भांडी नाण्यांसाठी वितळवली गेली. श्रूजबरीला आणि नंतर ऑक्सफर्डला टाकसाळ चालू होती. तिथे चांदीचे आख्ख्या एका पौंडाचे नाणे पाडले गेले, तळहातात जड लागेल असे. या नाण्यांवर राजाने प्रॉटेस्टंट धर्म, इंग्लंडचे कायदे आणि पार्लमेंटचे स्वातंत्र्य यांच्या रक्षणाचे वचन लॅटिनमध्ये कोरले होते. जो शिपाई पार्लमेंटच्या फौजेशी लढत होता त्याच्या पगारात पार्लमेंटच्या स्वातंत्र्याची ग्वाही येत होती, ही गोष्ट मला फार गमतीची वाटते.

पण 1643 पासून राजाच्या ताब्यातल्या काउंट्यांवरही ‘काँट्रिब्युशन’ नावाची नियमित मासिक आकारणी होती. वूस्टरशरवर महिन्याला 3,000 पौंड बसवले गेले होते, आणि ती रक्कम काउंटीच्या प्रतिष्ठितांच्या संमतीने ठरत असे. 1644 मध्ये राजाने आपल्या बाजूच्या सभासदांचे ऑक्सफर्डला जे वेगळे पार्लमेंट भरवले त्याने अबकारी करही मंजूर केला. म्हणजे ज्या करासाठी पिमला शिव्या बसल्या तोच कर राजाने वर्षभरात उचलला. वसुलीची इच्छा किंवा कल्पना यांचा तुटवडा राजाकडे नव्हता.

तुटवडा होता तो मधल्या खजिनदाराचा. राजाने अगणित कर्नलांना पलटण उभारण्याच्या सनदा दिल्या. प्रत्येक कर्नल आपल्या मुलखातून शे-दोनशे माणसे आणायचा. ती मेली किंवा पळाली की जुनी पलटण भरण्याऐवजी नव्या माणसाला नवी सनद मिळायची. त्यामुळे ध्वज भरपूर, अधिकारी भरपूर, शिपाई थोडे. आणि पगाराची सोय अशी की, अमुक गावांचे काँट्रिब्युशन अमुक पलटणीला किंवा अमुक गढीच्या शिबंदीला थेट लावून दिलेले. एकदा ही सवय लागली की गढीचा सरदार आपल्या गावांना सोडून हलत नाही, कारण हलला तर त्याची वसुली शेजारचा गिळतो. राजाला मोठ्या लढाईसाठी माणसे एकत्र करायची असत तेव्हा ती देशभर छोट्या छोट्या गढ्यांत बसून आपापल्या पाच-पंचवीस गावांचा पैसा खात असत. वसुली थकली की गढीतून कॉन्स्टेबलला पत्र जायचे: अमक्या तारखेपर्यंत रक्कम आणा, नाहीतर घोडेस्वार येऊन नेतील आणि मग घराचे काय होईल ते पाहा.

माझे म्हणणे एवढेच की, स्थानिकपणा हा दोन्ही बाजूंचा आजार होता. एका बाजूने त्यावर औषध आधी शोधले.

तळटीप:

उंबरठा यांच्याशी बव्हंशी सहमत आहे. काँट्रिब्युशनचा उल्लेख मी करायलाच हवा होता असे कोणी म्हणेल, पण मूळ प्रश्न सुरुवातीचा होता. मतभेद फक्त ‘आधी शोधले’ या शब्दांपुरता. शोधले, पण सहजासहजी नाही.

ईस्टर्न असोसिएशन डिसेंबर 1642 मध्ये नॉरफोक, सफक, एसेक्स, केंब्रिजशर आणि हर्टफर्डशर यांची मिळून झाली. पुढच्या वर्षी हंटिंग्डनशर आणि लिंकनशर जोडले गेले. कागदावर ही एकजूट होती. व्यवहारात पहिले आठ-दहा महिने प्रत्येक काउंटी आपला पैसा आपल्या समितीकडे ठेवायची, आपल्या पलटणींना आपला पगार द्यायची आणि शेजाऱ्याची पलटण आपल्या वाटेने गेली तर तिला उपाशी ठेवायची. ऑगस्ट 1643 मधला एक पत्रव्यवहार या काळाचे चित्र नीट दाखवतो. नॉर्विचच्या तरुण मुलामुलींनी वर्गणी करून 240 पौंड जमवले आणि त्यातून पायदळाची एक तुकडी उभारायचे मनावर घेतले. असोसिएशनच्या घोडदळाचा कर्नल ऑलिव्हर क्रॉमवेल याने त्यांना लिहिले की, पायदळ नको, या पैशातून पिस्तुले आणि खोगिरे घ्या, 80 घोडे मी पाहतो. एखाद्या शहरातल्या पोरांच्या वर्गणीवर कर्नलने आपल्या घोडदळाची तुकडी बेतावी, अशी ती अवस्था. त्याच सुमारास तो पैशासाठी एसेक्सच्या अधिकाऱ्यांपासून थेट पार्लमेंटातल्या मित्रांपर्यंत सर्वांना पत्रे लिहीत होता, आणि त्या पत्रांत पगार थकलेल्या शिपायांची काळजी पानोपानी दिसते.

बदल झाला तो मँचेस्टरचा सरदार ऑगस्ट 1643 मध्ये सेनापती झाल्यावर, आणि विशेषतः जानेवारी 1644 च्या ऑर्डिनन्सनंतर. आकारणी दीडपट झाली, म्हणजे महिन्याला जवळपास 34,000 पौंड. पण रकमेपेक्षा वाट महत्त्वाची होती: पैसा काउंटीच्या समितीत न मुरता केंब्रिजच्या मध्यवर्ती समितीकडे आणि तिथल्या खजिनदाराकडे, ग्रेगरी गॉसेलकडे, जायचा आणि तिथून पलटणींना वाटला जायचा. सफकचा पैसा एसेक्सच्या पलटणीला मिळू लागला. 21,000 माणसांची मंजुरी असलेली ही फौज त्या जुलैत मार्स्टन मूरला लढली ती आपल्या हद्दीपासून चांगलीच दूर.

शोधयात्री यांचे म्हणणे बरोबर आहे, तो भाग सधन होता आणि बराचसा शांत होता. लिंकनशर स्वतःच रणभूमी असल्याने त्याच्याकडून फारसे हाती लागत नव्हते, यावरूनच शांततेची किंमत कळते. पण केंट आणि एसेक्समध्ये संपन्नतेच्या दृष्टीने असे काय मोठे अंतर होते? तरीही दक्षिण-पूर्वेच्या असोसिएशनमधून वॉलरला पैशाची सतत ओढाताणच सोसावी लागली. खजिना एकाच ठिकाणी नसेल तर श्रीमंती कामी येत नाही, असे मला वाटते.

आणि हेही टिकले नाही. 1644 च्या शरदात ही फौज पश्चिमेकडे न्यूबरीपर्यंत ओढली गेली, तेव्हा काउंट्यांनी तक्रार केली की आमच्या पैशावर पोसलेली फौज आम्हाला उघडे टाकून भलतीकडे फिरते आहे आणि हा भार आता आम्हाला झेपत नाही. फेब्रुवारी 1645 मध्ये न्यू मॉडेल आर्मी मंजूर झाली ती या तक्रारीच्या पार्श्वभूमीवर: 22,000 माणसे, महिन्याला 53,436 पौंड, पार्लमेंटच्या ताब्यातल्या काउंट्यांवर वाटून, आणि रक्कम लंडनच्या युद्ध-खजिनदारांकडे. त्यांनी लगेच 80,000 पौंड कर्जाऊ उभे केले, कारण आकारणी यायला वेळ लागतो आणि शिपायाला भूक रोज लागते. या फौजेचे निम्म्याहून अधिक पायदळ सक्तीने उचललेले होते. स्वयंसेवकांचा जमाना तोवर सरला होता.

माळरान:

वरच्या चर्चेत समित्या, खजिनदार, कर्नल सगळे आले. ज्याच्या दारात हा पैसा मागायला माणूस उभा राहायचा तो मात्र राहून गेला, म्हणून चार ओळी.

पगार थकला की फौज फुकट मुक्काम करायची. शिपाई घरात उतरायचे, जेवायचे, घोड्यांना ओट्स घालायचे आणि जाताना यजमानाला चिठ्ठी द्यायचे, की इतक्या माणसांचे इतक्या रात्रींचे एवढे देणे आहे. ती चिठ्ठी वटवायची कुठे, याचे उत्तर बहुतेकांना कधी मिळाले नाही. म्हणजे कर भरलेल्या माणसाने पुन्हा शिपाई पोसायचा. पार्लमेंटने पुढे गावोगावचे हिशेब मागवले तेव्हा वॉरिकशरसारख्या काउंटीतून जे कागद आले त्यांत गेलेले घोडे आणि आकारणीच्या रकमा यांच्याबरोबर चादरी, सदरे, खारवलेले मांस अशा नोंदी आहेत. सीमेवरच्या गावांना तर दोन्ही बाजूंची वसुली एकाच महिन्यात भरावी लागे.

सक्तीच्या भरतीतही भार याच थरावर पडला. ठरावीक मालमत्ता असणाऱ्यांना सूट होती. गावात संख्या भरून द्यायची जबाबदारी कॉन्स्टेबलवर असल्यामुळे तो कोणाला उचलून देत असेल हे सांगायला नको. नको असलेला, भटका, भांडखोर, बेकार.

1645 मध्ये विल्टशर, डॉर्सेट, सॉमरसेट, वूस्टरशर, हेरफर्डशर अशा काउंट्यांत ‘क्लबमेन’ उठले ते यातून. सोटे, कोयते, जुन्या बंदुका घेऊन हजारोंच्या संख्येने ते जमू लागले आणि लुटायला किंवा गुरे न्यायला याल तर लढाई देऊ, असे त्यांच्या झेंड्यावर लिहिलेले होते. शोधयात्री यांच्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले तर या युद्धातली खरोखर स्थानिक, स्वतःच्या खर्चाने उभी राहिलेली आणि हद्दीबाहेर न जाणारी फौज हीच म्हणावी लागेल. ऑगस्ट 1645 मध्ये हॅम्बल्डन टेकडीवर जमलेल्या क्लबमेनना क्रॉमवेलच्या घोडदळाने पांगवले.

शोधयात्री:

हे सगळे फार उपयोगी पडले. शेवटचे एक विचारतो: युद्ध संपल्यावर ही थकबाकी फेडली गेली का? विशेषतः काउंटीच्या पलटणींची?

जुनीवही:

थोडी रोखीत, बरीच कागदात.

मार्च 1647 च्या सुमारास न्यू मॉडेल आर्मीच्या पायदळाचा 18 आठवड्यांचा आणि घोडदळाचा 43 आठवड्यांचा पगार थकलेला होता. पार्लमेंटने सहा आठवड्यांचा पगार घेऊन घरी जा, किंवा आयर्लंडच्या मोहिमेवर नाव नोंदवा, असा पर्याय ठेवला. त्याआधी ऑक्टोबर 1646 मध्ये पार्लमेंटच्याच मॅसी या सेनानीच्या पश्चिमेकडच्या ब्रिगेडला असेच सहा आठवड्यांच्या पगारावर बरखास्त केले होते आणि ती मंडळी निघून गेली होती. न्यू मॉडेलने मात्र जायचे नाकारले. शिपायांची दुसरी मागणीही पैशाइतकीच निकडीची होती: लढाईच्या धामधुमीत हुकमाने घोडा उचलला, त्याचा मालक आता चोरीचा खटला भरतो आहे, त्यापासून संरक्षण द्या. ते मे 1647 मध्ये मिळाले. पगाराचा प्रश्न मात्र त्या उन्हाळ्यात राजकारणाचा प्रश्न झाला आणि पार्लमेंटला आपल्याच फौजेची भीती वाटू लागली.

काउंटीच्या पलटणींकडे असा जोर नव्हता. त्या विखुरलेल्या होत्या, त्यांच्या समित्यांची तिजोरी रिकामी होती आणि स्थानिक लोकांना त्या कधी एकदा जातात असे झाले होते. 1646 ते 1648 या काळात बऱ्याच ठिकाणी त्यांनी दंगे केले, समितीच्या सभासदांना कोंडून ठेवले. शेवटी 1648 च्या सुरुवातीला जादा ठरवलेल्या फौजा बरखास्त झाल्या, तेव्हा काही पगार रोख आणि बाकीचे रोखे असा तोडगा निघाला.

या रोख्यांना ‘डिबेंचर’ म्हणत. राजाचा शिरच्छेद झाल्यावर जुलै 1649 मध्ये त्याच्या जमिनी विकायला काढल्या आणि त्या या रोख्यांवर विकत घेता येतील असे ठरले. ज्याच्याकडे काही पौंडांचा एकच रोखा आहे त्या शिपायाला त्यात जमीन मिळणे शक्य नव्हते, आणि थांबायला त्याच्याजवळ पैसेही नव्हते. त्याने तो पौंडामागे काही शिलिंग घेऊन आपल्याच अधिकाऱ्याला विकला. अधिकाऱ्यांनी असे रोखे गठ्ठ्याने गोळा केले आणि राजाच्या मालकीचे वाडे, बागा आणि वने यांचे ते धनी झाले. 1660 मध्ये राजेशाही परत आली तेव्हा त्या जमिनी त्यांच्याही हातून गेल्या.